न पाहिलेल्या माणसांचा स्नेह

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठले आणि विचारले, "अहो, यंत्रावर गप्पा मारणाऱ्या मंडळींचा कसला आला आहे इतिहास? शिवकाल झाला, पेशवाई झाली, आता हे काय काढलेत?" प्रश्न रास्त होता. आम्हांला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. उत्तर द्यायचे तर दाभोशाच्या धबधब्यापासून आरंभ करावा लागला असता, आणि भाजीची पिशवी हातात घेऊन रस्त्यात उभे राहून ते जमण्यासारखे नव्हते. ते आता करतो.

दाभोसा हे जव्हार तालुक्यातले लहानसे गाव. जव्हारपासून वीसएक किलोमीटरवर लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही तेथे गेलो होतो. पावसाची सर आली म्हणून एका चहाच्या टपरीत शिरलो, तर आत आधीच वीसएक माणसे दाटीने उभी. त्यांत साठी उलटलेले गृहस्थ होते, कॉलेजातली पोरे होती, दोघीतिघी संसारी बायका होत्या. कोणी मुंबईचे, कोणी नाशिकचे, एक बाई सांगलीहून आलेल्या. नातलग म्हणावे तर चेहरेपट्टी जुळेना, एका कचेरीतले म्हणावे तर वये जुळेनात. त्यांच्या हाका ऐकून तर आम्ही चक्रावूनच गेलो. एक मुलगी पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना "तिरकीटकाका, तुमचा चहा" म्हणत होती, आणि ते तिला "खारूताई, साखर किती?" असे विचारीत होते. एक बाई समोरच्या माणसाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्हीच का बोरूबहाद्दर? चार वर्षे तुमच्याशी भांडले. तुम्ही चांगले सहा फुटी असाल अशी माझी समजूत होती." बोरूबहाद्दर जेमतेम पाच फूट होते. सगळी टपरी हसली, आणि सर्वांत मोठ्याने ते स्वतः हसले.

ही मंडळी पुस्तके आणि पक्षी या दोन छंदांपायी महाजालावर एकत्र आलेली होती. रोज लिहीत, रोज वाचीत. पण त्यांतले निम्मे लोक एकमेकांना त्या दिवशी प्रथमच पाहत होते. त्यांच्यात छत्री घट्ट धरून बसलेल्या एक बाई होत्या. त्या कोणाशी फारसे बोलत नव्हत्या. त्यांची हकीगत पुढे येईल.

आता इतिहासाकडे. अनोळखी माणसांनी वाचनाच्या नादाने एकत्र यावे आणि त्यातून जन्माचा स्नेह जडावा, ही गोष्ट आपल्याकडे यंत्राबरोबर आली असे मानणे चूक आहे. ज्या व्याख्यानमालांच्या परंपरेत आपण बसलो आहोत तिचे मूळ पुण्याच्या १८७५ सालच्या वसंत व्याख्यानमालेत, म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेत आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवर रोज एकच अपरिचित गृहस्थ येऊन बसावेत आणि महिनाअखेर त्यांच्या घरी पन्हे पिण्याचा प्रसंग यावा, हे किती जणांच्या बाबतीत घडले असेल! त्याही आधी, १८४८ साली, पुण्यात नेटिव जनरल लायब्ररी निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ते काढणाऱ्यांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे होते. जव्हार तेव्हा मुकण्यांचे संस्थान होते. १९४८ साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, आणि २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाल्यावर त्यात गेले.

या वाचनालयांतील पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. कादंबरीच्या समासात कोणी पेन्सिलीने लिहिलेले असते, "हे अशक्य आहे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "आपणांस अनुभव नाही, म्हणून असे वाटते." त्याखाली तिसरा, "दोघांनीही पुस्तक खराब करू नये." ग्रंथपालाच्या दृष्टीने हा गुन्हा खरा, पण इतिहासकाराच्या दृष्टीने हे एक संभाषण आहे. तीन माणसे, तीन वेगळी वर्षे, एकमेकांचे तोंड न पाहता एका पानावर भेटली. आमच्या लहानपणी एका पुस्तकातील अशा शेऱ्यांच्या मालकाचा आम्ही पुष्कळ शोध घेतला होता. तो सापडला नाही. परंतु त्याचे वळणदार अक्षर आम्ही अजून ओळखू.

समासातल्या शेऱ्याहून पत्र पुढे जाते. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची विवाहापूर्वीची पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली ग्रंथरूपाने निघाली. त्यांचा विवाह १९२९ सालचा. पुढे अनिल १९५८ साली मालवणच्या आणि कुसुमावतीबाई १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बसल्या. अध्यक्षपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत, आणि त्याच वर्षी त्या वारल्या. दोन तरुण माणसे कागदावर एकमेकांना कशी उलगडत जातात, आवडीनिवडी, रुसवे, घरच्यांची भीती हे सारे टपालाच्या वेगाने कसे वाढत जाते, हे पाहायचे तर मराठीत याहून उत्तम साधन नाही. प्रेमात पडलेली माणसे पुष्कळ. कागद जपून ठेवणारी थोडी.

प्रेमाहून निराळा, पण तितकाच उत्कट, असा दुसरा पत्रव्यवहार जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा. जीए धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि माणसांपासून होता होईल तो दूर राहत. त्यांच्या कथा वाचून सुनीताबाईंनी पत्र लिहिले, त्यांनी उत्तर दिले, आणि पुढे वर्षानुवर्षे पुस्तके, चित्रपट, माणसे यांवर हा संवाद चालला. भेटी त्या मानाने अगदी थोड्या. जीए १९८७ साली गेले. त्यांची पत्रे छापली गेली, आणि सुनीताबाईंची 'प्रिय जीए' या नावाने २००३ साली आली. जो माणूस समोर बसून दोन वाक्ये बोलण्यास नाखूष, तोच पत्रात पानेच्या पाने मोकळा होतो. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. समोरासमोर आपण आधी माणसाचे कपडे, वय, आडनाव पाहतो आणि मग त्याचे बोलणे ऐकतो. कागदावर आधी बोलणेच येते.

तारेचा शोध लागल्यावर हे अधिकच गतिमान झाले. अमेरिकेत १८७९-८०च्या सुमारास एला थेअर या बाईंनी एक कादंबरी लिहिली. त्या स्वतः तारायंत्रावर काम केलेल्या होत्या. कथा अशी, की एका तारघरातील मुलगी दूरच्या तारघरातील एका अज्ञात सहकाऱ्याशी कामाच्या फटीत टकटकीच्या भाषेत गप्पा मारू लागते आणि तिचा जीव गुंततो. मग एक दिवस तो स्वतः येऊन उभा राहतो, तर अगदीच ओबडधोबड निघतो! पुढे कळते की हा तोतया आहे. खरा तो निराळाच. आज महाजालावरील फसवणुकीविषयी पालक जी काळजी करतात ती सारी या दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत आहे. काळजी खोटी नाही. पण ती नवीही नाही.

आता आपण प्रस्तुत विषयाशी येऊन पोहोचलो. १९६० नंतर मराठी तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेत मोठ्या संख्येने गेले. त्यांनी गावोगावी मंडळे काढली आणि १९८१ साली उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. पण मंडळ भेटे ते गणपतीला आणि दिवाळीला. एरवी आठवडाभर मराठी शब्द कानांवर पडण्याची मारामार. अशा माणसांच्या हाती प्रथम संगणकाची तार आली. १९९६ सालच्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' सुरू केली. त्यापुढे 'मनोगत' २००४ साली, 'मिसळपाव' २००७ साली आणि 'ऐसी अक्षरे' २०११ साली निघाले. आरंभीच्या काळात पडद्यावर देवनागरी अक्षर उमटविणे हेच संकट होते. पुष्कळ जण रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि वाचणाऱ्याला 'काळ' की 'काल', 'पाणी' की 'पानी' याचा निकाल संदर्भाने लावावा लागे. जी माणसे इतका त्रास सोसून एकमेकांना अळूच्या फदफद्याची कृती विचारीत होती, त्यांना रिकामटेकडी म्हणणे आम्हांस तरी धाडसाचे वाटते.

आणि रोजचे जिणे म्हणजे तरी काय? त्या पानांवर परदेशातली बाळंतीण पहाटे तीन वाजता विचारते की बाळाला गुटी केव्हापासून द्यावी, आणि पुण्यातल्या चार अपरिचित बायका तिला पाच परस्परविरुद्ध सल्ले देतात. कोणी आईच्या शस्त्रक्रियेसाठी रक्तदाता शोधतो, कोणी गझलेतील मात्रांवरून हमरीतुमरीवर येतो. गुलबक्षीचे बी पोस्टाने जाते. दिवाळी अंकसुद्धा निघतात. 'मनोरंजन'कार मित्रांनी १९०९ साली घातलेला पायंडा येथेही सुटला नाही.

समाज खरा की नाही याची आमची कसोटी साधी आहे. त्याला स्वतःची बोली फुटली की नाही, ते पाहावे. येथे ती फुटली. चर्चेला 'धागा' म्हणू लागले, तो 'काढतात', आणि भलतीकडे गेला की 'भरकटतो'. बातमीफलकाचा 'बाफ' झाला. हलके घ्या याचे 'ह. घ्या.' झाले, आणि फारच बोचरे लिहिले असेल तर 'कृ. ह. घ्या.' प्रत्यक्ष भेटण्याला 'गटग' हा शब्द निघाला. तो मूळ इंग्रजी आद्याक्षरांचा, पण आता तो ऐकून कोणाला इंग्रजी आठवत नाही. मायबोलीकरांच्या पावसाळी सहलीला वर्षाविहार नाव पडले आणि त्याचे लगेच 'ववि' झाले. एकाच माणसाने दुसऱ्या खोट्या नावाने येऊन स्वतःचीच वाहवा करावी, त्या नावाला 'डुआयडी'. आणि जो नुसता वाचतो, लिहीत मात्र नाही, तो 'रोमात' असतो. या शब्दाची उत्पत्ती इंग्रजी यंत्रभाषेतली; परंतु मराठी माणसाला तो रोमारोमात भिनल्यासारखा वाटतो, आणि आम्हांला वाटते तोच त्याचा खरा अर्थ. हे शब्द कोणत्याही समितीने ठरविलेले नाहीत.

टोपणनावांविषयी लोक नाक मुरडतात. खरे नाव सांगायला लाज का वाटावी, असे विचारतात. पण गोपाळराव देशमुखांनी १८४८ साली 'प्रभाकर' पत्रात लिहिण्यास आरंभ केला तो 'लोकहितवादी' या नावाने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा विभावरी शिरूरकर कोण याविषयी महाराष्ट्रात केवढे काहूर उठले! त्या मालतीबाई बेडेकर, हे पुढे उघड झाले. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले खरे दुःख लिहायचे तर त्या काळी मुखवटा घेणे भाग होते. आजही सासरच्या जाचाविषयी किंवा मोडत आलेल्या संसाराविषयी जी बाई 'खारूताई' होऊन लिहिते, ती स्वतःच्या आडनावाने लिहिणार नाही.

मुखवट्याचा अर्थ आम्हांला खरा उमगला तो याच जव्हार-मोखाड्याच्या मुलखात. वसंतात, चैत्र-वैशाखाच्या सुमारास, तेथे गावोगावी बोहाडा असतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात सांबळ वाजत असते आणि देवदेवतांची, राक्षसांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. आधी गणपती येतो, आणि शेवटास देवी महिषासुराला मारते. अनेक सोंगे घराण्याकडे पिढीजात चालत आलेली असतात. तेव्हा मुखवट्याआड कोण आहे हे गावाला पक्के ठाऊक असते, तरीही त्या घटकेपुरता तो देवच. महाजालावरचा प्रकार नेमका उलटा. तेथे मुखवटा ओळखीचा, आणि आतला माणूस कोणी पाहिलेला नाही. परंतु बारा वर्षे एकच सोंग रोज नाचविले तर त्याची चाल कोणाला लपविता येत नाही. तिरकीटकाका तापाने आजारी असताना त्यांच्या लिहिण्यात विरामचिन्हे नव्हती, एवढ्यावरून खारूताईने त्यांना निरोप पाठविला होता, "काका, औषध घेतले का?"

टपरीतल्या मंडळींत एक तरुण दांपत्यही होते. त्यांचे सूत एका कादंबरीच्या शेवटावरून झालेल्या भांडणातून जमले होते. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, स्थळ कोणी सुचविले, मुलाची माहिती कोणी काढली? मुलगी म्हणाली, "त्यानेच दिली, बाबा. पाच वर्षे रोज भांडताना." वडिलांनी तरीही आपल्या परीने चौकशी केलीच, हे ते जावईबापू आम्हांस हसत सांगत होते. आमच्या मते वडिलांचे चुकले नाही. लिहिण्यात दिसणारा माणूस खरा असतो. परंतु सकाळी उठल्यावर दिसणारा माणूसही खराच असतो, आणि संसार त्याच्याशी करायचा असतो. तशी निराशा झालेलीही माणसे आहेत. ती सहलीला येत नाहीत, म्हणून त्यांचा इतिहास आम्हांस सांगता येत नाही.

आणखी एक माणूस त्या टपरीत होता, टपरीचा मालक. वारली तरुण. तो सर्वांना चहा देत होता, सर्वांची टोपणनावे ऐकून गालातल्या गालात हसत होता. आम्ही विचारले, "दादा, तुझ्याकडे फोन आहे, तू असे काही लिहितोस का?" तो म्हणाला, "वाचतो. लिहू कसा? आमची बोली तिथे कोन वाचल?" मंडळींपैकी कोणीतरी म्हणाले, "लिही की, आम्ही वाचू." तो पुन्हा हसला आणि पेले विसळू लागला. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, मायबोलीला पाव शतक उलटले. वारली, कोकणा, कातकरी बोलणारा माणूस मात्र अजून रोमातच आहे.

आता त्या छत्रीवाल्या बाईंची हकीगत. त्यांचे यजमान एका कचेरीतून निवृत्त झालेले, मितभाषी. रात्री जेवण झाले की संगणकापुढे बसत. बाई समजत, बातम्या वाचत असतील. ते वारले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर शेकडो निरोप आलेले दिसले. सगळे 'रानपाखरू' नावाच्या कोणाला उद्देशून. बाईंनी मुलाला विचारले, "हे रानपाखरू कोण रे?" मुलालाही माहीत नव्हते. तेराव्याला पाच-सहा अनोळखी माणसे दारात आली. सांगलीच्या बाई तर गळ्यात पडून रडल्या. आम्हांस हे सांगताना बाईंचा आवाज कोरडा होता. त्या म्हणाल्या, "मला वाईट नाही वाटले, राग आला. अकरा वर्षे हे यांच्याशी रोज बोलत होते. माझ्याशी 'मीठ कमी आहे' एवढेच."

पुढे राग ओसरल्यावर त्यांना वाटले की आपणही ते वाचावे. मुलाने शोधले, तर ते संकेतस्थळच बंद पडलेले. कोणा एकाच्या खर्चाने चाललेले होते. त्याला ते झेपेना. अकरा वर्षांचे लिहिणे पुसून गेले. हे एकाचेच झाले असे नाही. जिओसिटीज २००९ साली बंद झाली, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. त्यांच्यावर हजारो मराठी माणसांनी लिहिलेली जी ओळखपाळख होती तिचा मागमूस काढणे आता कठीण आहे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यांना निदान वाळवी लागलेली दप्तरे तरी मिळाली. माळ्यावर, कोनाड्यात, वाण्याच्या पुड्यांत का होईना, कागद कोठेतरी उरला होता. आमच्या त्या वयोवृद्ध स्नेह्यांना आमचे उत्तर हेच आहे. पेशवाईतील माणसे काय जेवत, कोणावर रुसत, हे कळावे म्हणून आपण एका-एका चिटोऱ्यासाठी जीव टाकतो. आणि आपल्या काळातील माणसांनी ते सर्व स्वतः होऊन, तारीखवार, लिहून ठेवले असताना ते डोळ्यांदेखत नाहीसे होऊ देतो.

रानपाखरूचे सगळेच मात्र गेले नव्हते. तिरकीटकाकांना पडद्यावर वाचणे जमत नसे. डोळ्यांच्या त्रासामुळे ते आवडलेले लेख कागदावर छापून घेत. त्यांच्या कपाटात रानपाखरूची एक फाईल निघाली. तीत एका लेखात लिहिले होते की दाभोशाचा धबधबा भर पावसात पाहायची फार इच्छा आहे. पण गुडघे साथ देत नाहीत, आणि हिला एकटीला ठेवून कसे जायचे? म्हणून ही मंडळी त्या दिवशी तेथे आली होती, आणि बाईंना घेऊन आली होती.

पाऊस थांबल्यावर सगळे कड्याशी गेले. खाली उतरणे बाईंना शक्य नव्हते. त्या वरूनच पाण्याकडे पाहत राहिल्या. तिरकीटकाकांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती फाईल काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही. "घरी जाऊन वाचीन," म्हणाल्या.

गेल्या माघात त्यांनी ती आमच्याकडे पाठविली. इतिहासवाल्यांना उपयोग असेल तर पाहावे, वाचून झाल्यावर परत करावी, असा निरोप होता. एकूण एकशे बारा पाने आहेत. त्यांपैकी अठरा पानांवर तारीख नाही. पक्ष्यांच्या येण्याजाण्यावरून आणि त्या वेळी ते वाचीत असलेल्या पुस्तकांवरून आम्ही बारा पानांचे महिने लावले आहेत; उरलेल्या सहांसाठी खारूताईला पत्र लिहिले आहे.